ही चाल कुणाची?

‘रिमिक्स’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे अजूनही बऱ्याच जणींच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारणही तसंच आहे. २००२ साली ‘कांटा लगा’चं रिमिक्स गल्लोगल्ली वाजलं. मूळ गाणं १९७२च्या ‘समाधी’ चित्रपटातलं, आर. डी. बर्मन यांच्या चालीचं, लताबाईंच्या आवाजातलं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नवा व्हिडिओ. जुनं गाणं घ्यायचं, त्याला ठेका जोडायचा, नटवायचं आणि विकायचं, म्हणजे रिमिक्स, अशी आपली समजूत झाली ती तेव्हापासून.

मैत्रिणींनो, रिमिक्सची आणखी एक जात आहे. विकण्यासाठी नाही, निव्वळ आवडीपोटी केलेली. आणि तीही कशाची? जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताची! हसू नका. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आपल्या गावांतही आले होते. पिवळ्या रंगाची ‘कॅसेट’ खोचायची आणि सुट्टीभर मारिओ नाही तर काँट्रा. मुलं खेळत होती आणि आपण स्वयंपाकघरात भाजी निवडत त्या चाली ऐकत होतो. कितीही वैतागलो तरी मारिओची चाल आजही गुणगुणता येते की नाही, बघा बरं!

ती चाल जपानच्या कोजी कोंडो यांनी १९८५ साली बांधली. तो अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या एखाद्या चित्रालाही याहून जास्त जागा लागते. त्या यंत्रातून एका वेळी जेमतेम पाच प्रकारचे आवाज निघायचे. ना व्हायोलिन, ना तबला, ना गाणारा गळा. शिवाय एकच चाल तासभर पुन्हा पुन्हा वाजणार, तरी कंटाळा येता कामा नये. म्हणजे सगळी भिस्त चालीवर. घरात मोजकंच सामान असताना चार पाहुण्यांचं जेवण निभावून नेणाऱ्या बाईला हे कसब वेगळं समजावून सांगायला नको. २०२३ साली अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओच्या या चालीचा समावेश केला. त्या यादीत जागा मिळालेलं हे पहिलंच गेम-संगीत.

अशा चालींवर जीव टाकणारी मंडळी जगभर आहेत. मूळ चाल पुन्हा पुन्हा ऐकायची, त्यातले सूर कानाने हुडकून काढायचे, आणि मग कुणी ती पियानोवर मांडतो, कुणी गिटारवर, कुणी पूर्ण वाद्यवृंदावर. अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी १९९९ साली ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ हा उपक्रम सुरू केला. तिथे रचना पाठवली की परीक्षक ती तपासतात. नुसता ठेका वाढवून चालत नाही, स्वतःची काही भर घालावी लागते. निवडलेली रचना सगळ्यांना फुकट ऐकायला मिळते. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक रचनेसोबत मूळ संगीतकाराचं नाव दिलेलं असतं.

नावाचं एवढं काय, असं वाटेल. तर ऐका.

१९८६ साली ‘कॅसलव्हेनिया’ नावाचा गेम आला. त्याचं संगीत किनुयो यामाशिता या नुकत्याच शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या मुलीने सातोए तेराशिमा या सहकारी मुलीबरोबर केलं. गेम संपल्यावर पडद्यावर नाव काय यावं? ‘जेम्स बनाना’! ड्रॅक्युलाच्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ती एक कोटी होती. ‘मेगा मॅन’ या १९८७च्या गेमचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं, पण तिथेही त्यांचं पूर्ण नाव नाही, एक गमतीदार टोपणनाव. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधल्या बहुतेक चाली योको शिमोमुरा यांच्या, आणि पडद्यावर काय, तर ‘शिमो-पी’.

आता खरं सांगायचं तर ही वागणूक फक्त बायकांच्याच वाट्याला आली असं नाही. पुरुषांनाही टोपणनावंच होती. चांगली माणसं दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून तेव्हाच्या जपानी गेम कंपन्या खरी नावं झाकून ठेवत. पण परिणाम बघा. त्या काळात या कामात कितीतरी मुली होत्या, आणि चाली ऐकणाऱ्या जगाला त्याचा पत्ताच नव्हता. व्हिडिओ गेम म्हणजे मुलग्यांची गोष्ट, असं आपण सगळेच धरून चाललो. ती मुलगे-मंडळी ज्या संगीतावर नाचत होती, ते विशी-बाविशीतल्या मुलींनी बांधलेलं होतं!

आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा. जात्यावरची चाल एक, पण प्रत्येकीने त्यात आपली ओवी घातली. कुणी घातली ते मात्र ओवी पुढे गेली तसं मागे राहून गेलं. काम राहतं आणि करणारी पुसली जाते, याची आपल्याला सवय झाली आहे. म्हणूनच मला वाटतं की आवडीने केलेल्या या रिमिक्सचं मोल नुसतं मनोरंजनाचं नाही. ज्याला एखादी चाल मनापासून आवडते, तो ती कुणाची हे शोधतोच. टोपणनावाच्या मागे लपलेली माणसं लोकांना माहीत झाली, यात अशा रसिकांच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि तीही बोलायला हवी. गेमच्या चालीची मालकी बहुतेक वेळा कंपनीकडे असते. फुकट वाटलं म्हणून कायद्याने आपोआप मोकळीक मिळते, असं नाही. २०१२ साली याच उपक्रमाने ‘फायनल फँटसी सिक्स’च्या संगीतावरच्या रचनांच्या तबकड्या काढण्यासाठी लोकांकडून पैसे जमवायला सुरुवात केली. कंपनीने हरकत घेतल्यावर ती मोहीम थांबवावी लागली. मग रीतसर बोलणी झाली, मोहीम पुन्हा सुरू झाली आणि २०१३ साली तो संग्रह निघाला. मला हे योग्य वाटतं. आवड कितीही खरी असली तरी पैशांचा विषय आला की आधी विचारायला हवं. आणि विचारलं तर वाट निघते. २००८ साली तर ‘स्ट्रीट फायटर’च्या नव्या आवृत्तीसाठी कॅपकॉम कंपनीने याच हौशी मंडळींकडून संगीत करून घेतलं.

माझी भाची कॉलेजला आहे. ‘स्ट्रीट फायटर’मधली एक छोटीशी चाल कानाने उतरवून घ्यायला तिला तीन आठवडे लागले. आता ती हार्मोनियमवर बसवणं चाललंय. वहिनी वैतागून म्हणतात, “असली खेळातली गाणी वाजवून पोट भरणार आहे का?” वहिनींचा प्रश्न चुकीचा नाही. आईला तो पडणारच. या छंदातून पैसे मिळतील असं मीही सांगणार नाही. पण तीन आठवडे एकेका सुरामागे बसायला जी बैठक लागते, ती शिकवणी लावून येत नाही. आणि योको शिमोमुरांचंच बघा. पियानो शिकल्या, पियानोची शिक्षिका होण्याचा बेत होता, आणि १९८८ साली गेमच्या कंपनीत गेल्या. २०२१च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन निघालं, ते आपल्यापैकी कितीतरी जणींनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्या वेळी वाजलेल्या गेम-संगीतात त्यांच्याही रचना होत्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घरातली मुलं कानात हेडफोन घालून अशी काही चाल ऐकत बसली, तर “बंद कर ते” म्हणण्याआधी एकदा विचारा, “ही चाल कुणाची रे?” माहीत नसेल तर शोधून काढायला सांगा. गेमचं नाव चालणार नाही, माणसाचं नाव हवं. आणि एखादीने स्वतःच असं काही तयार केलं, तर तिला बजावून ठेवा की पहिल्या ओळीत मूळ चाल बांधणाऱ्याचं नाव लिही आणि दुसऱ्या ओळीत तुझं. पूर्ण नाव, टोपणनाव नको.