कोणावर गेलं हे मूल?

आपल्याकडे बारशाला पाळण्याभोवती जमलेली माणसे नावाआधी वाटणी उरकतात. नाक आजोबांचं, जिवणी आत्याची, रंग आजोळचा आणि रडण्याचा आवाज थेट मोठ्या काकांचा! प्रत्येक जण हक्क सांगायला पुढे सरसावतो. मूल कोणावर गेलं, या प्रश्नात केवढे कौतुक असते.

तेच मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, तासन्‌तास एकच डबी उघडते आणि मिटते. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, पण आवाज खाली गेलेला असतो. ‘‘आमच्याकडे असं कुणी नव्हतं हो,’’ असे एक घर म्हणते. दुसरेही तेच म्हणते. नाकाडोळ्यांवरचे सगळे दावे भराभर मागे घेतले जातात आणि संयुक्त खात्यावर अखेर एकच नाव उरते. ते आईचे.

तिने ग्रहणात विळी हातात घेतली होती. तिने सातव्या महिन्यापर्यंत लोकलचे धक्के खाल्ले. ती नोकरीवर जाते, तिचे मुलाकडे लक्ष नाही. आता यात मोबाइलची भर पडली आहे. गिरगावातल्या चाळीपासून लालबागच्या नव्या टॉवरपर्यंत आरोपांची भाषा बदलते, आरोपी बदलत नाही.

हे अडाणीपणाचे लक्षण आहे असे समजण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य विद्वानांनीही हेच केले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हे नाव वैद्यकात रुजले. ही मुले जन्मतःच वेगळी असावीत, असे त्यांनी त्याच निबंधात सुचवले होते. पण पुढच्या काळात लक्ष गेले ते आईबापांच्या थंडपणाकडे. ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ साली पुस्तक लिहून आईच्या मायेच्या अभावावर बोट ठेवले. ‘फ्रीजसारखी आई’ हा शब्दप्रयोग कित्येक वर्षे तिकडे शास्त्र म्हणून खपला. आपल्याकडे ग्रहण, त्यांच्याकडे फ्रीज, फरक एवढाच.

ही समजूत मोडायला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. दोष मायेचा नसून मेंदूच्या घडणीचा आहे, हे त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून मांडले. पुढे १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. आई तीच, घर तेच, माया तीच. मग फरक कशाचा? बीजाचा. आकडे लहान होते, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनी दिशा तीच असल्याचे दाखवून दिले.

त्यानंतर जनुकशास्त्राने एकेक कुलूप उघडले. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे १९५९ सालीच कळले होते. १९९१ साली ‘फ्रजाइल एक्स’चे जनुक सापडले आणि १९९९ साली मुलींना ग्रासणाऱ्या रेट सिंड्रोमचे. आज मेंदूच्या वाढीशी नाते असलेली शेकडो जनुके शास्त्रज्ञांना माहीत आहेत. त्यातली एक गोष्ट प्रत्येक सासूने आणि प्रत्येक आईच्या माहेरच्यांनी नीट ऐकावी अशी आहे. गंभीर स्वरूपाच्या अनेक प्रकरणांत दोषी बदल आईतही नसतो आणि वडिलांतही नसतो. तो बीज तयार होताना, किंवा गर्भ अगदी आरंभीच्या अवस्थेत असताना, नव्याने घडलेला असतो. लाखो अक्षरांचा मजकूर उतरवून घेताना एखादे अक्षर चुकावे, तसा. कोणत्या घराण्यावर गेलं, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे : कोणत्याच नाही.

काही वेळा मात्र बदल दोन्हीकडून येतो. तो कसा, हे समजून घ्यायला मुंबईकराने परळच्या बाहेर जायची गरज नाही. १९५२ साली केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेहमीच्या कुठल्याच गटाशी न जुळणारे रक्त आढळले. ‘बाँबे ब्लड ग्रुप’ म्हणून जगाला तो माहीत आहे. अशा माणसाचे आईबाप बहुधा साध्या रक्तगटाचे, धडधाकट असतात. प्रत्येकाकडे त्या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक निकामी असते. एका चांगल्या प्रतीवर भागते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मुलाकडे दोन्ही निकामी प्रती आल्या, की गोष्ट उघड होते. दर खेपेला ही शक्यता चारात एक. मेंदूच्या वाढीचे कित्येक विकार याच वाटेने येतात. यात पाप कोणाचे? दोघांनी नकळत निम्मानिम्मा वाटा उचललेला असतो.

मामाच्या मुलीशी लग्न, किंवा पिढ्यान्‌पिढ्या मोजक्याच घरांत सोयरीक, यामुळे तीच निकामी प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. परळच्याच टाटा रुग्णालयातले डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९५०च्या सुमारास मुंबईतल्या आपापसांतच लग्ने करणाऱ्या सहा समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपली जात, आपली पोटजात आपल्या रक्तातही नोंदलेली असते, याची ती जुनी साक्ष. म्हणूनच युरोपातल्या माणसांवरून काढलेले निष्कर्ष आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. २०२० साली सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचा जनुकीय आराखडा वाचला गेला आणि २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. हे काम कौतुकाचे आहे आणि फार उशिराचेही आहे.

या सगळ्याचा सामान्य घराला उपयोग काय? पहिला उपयोग असा, की काही विकार वेळेत कळले तर टळतात. जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू केली, तर त्याची बुद्धी वाचते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर ते कळते. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात, पालिकेच्या आणि खासगीही, सक्तीची असली पाहिजे. दुसरा उपयोग, पुढच्या बाळंतपणाचा धोका किती, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने सांगता येते. आणि तिसरा, जो कुठल्याच अहवालात छापला जात नाही : एका बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

पण शास्त्राच्या नावाने जास्तीची आशा विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. महागड्या तपासण्या करूनही निम्म्याहून अधिक घरांना नेमके उत्तर मिळत नाही. नाव कळले म्हणजे औषध मिळाले, असेही नाही. उत्तर येईपर्यंत मुलाचे शिक्षण थांबवून ठेवणे हा तर गुन्हाच. शिवडीच्या टेकडीवरची जय वकील शाळा आठवावी. जय वकील आणि होर्मसजी वकील या पारशी दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ साली शिकवण्याची सोय केली, त्यातून ती वाढली. जादा गुणसूत्राचा शोध लागायला तेव्हा १५ वर्षे अवकाश होता. कारण ठाऊक नव्हते, पण मुलगी समोर होती. त्यांनी मुलीकडे पाहिले.

आणखी एक धोका या शहराने पाहिलेला आहे. गर्भजल परीक्षा आली ती जनुकीय दोष शोधण्यासाठी. १९८०च्या दशकात याच मुंबईत ती मुली शोधून नाहीशा करण्यासाठी वापरली गेली. १९८८ साली महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. म्हणून उद्या स्वस्त झालेली जनुकीय चाचणी लग्नाच्या बाजारात पत्रिकेशेजारी मांडली गेली, ‘त्या घरात दोष आहे’ म्हणून धाकट्या बहिणीचे स्थळ मोडले गेले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. ग्रहण गेले आणि जनुक आले, एवढीच प्रगती झाली तर संशोधन फुकट गेले म्हणायचे. निकामी प्रती तुमच्याआमच्या प्रत्येकाजवळ थोड्याफार आहेत. निर्दोष पत्रिका कुणाचीच नाही.

बँकेत असताना माझ्या टेबलासमोर असे आईबाप येत. मुदत ठेवीचे व्याज विचारून झाले, की खुर्ची पुढे ओढून खरा प्रश्न विचारत : ‘‘साहेब, आमच्यामागे याच्या वतीने सही कोण करणार?’’ मुलगा तिशीचा, कायद्याने सज्ञान, आणि व्यवहार शून्य. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हा पातळीवरच्या समितीकडून पालक नेमून घेण्याची सोय केली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. हे कागद करून ठेवणारी घरे मात्र मला फार थोडी भेटली. मुलाचे असणेच लपवायचे ठरल्यावर कागद कुठून होणार?

लपवण्याइतके हे दुर्मीळही नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच भागांत सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत शंभरात १३ ते १४ जणांना काही ना काही अडचण होती. त्यात फेफरे, ऐकू न येणे, वाचा, अध्ययन, स्वमग्नता सगळे आले. चाळीच्या गॅलरीत सातआठ पोरे खेळत असतील, तर त्यातले एखादे असे असू शकते. गणपतीत ढोल वाजू लागला की कानांवर हात दाबून आत पळते, ते कदाचित तेच.

त्या पोरासाठी आरतीच्या वेळी दहा मिनिटे लाउडस्पीकर बंद ठेवायला जनुकशास्त्र लागत नाही. आणि एक सांगणे बापांना. परळच्या कुठल्याही बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ वाजता जाऊन पाहा. मूल कडेवर, फाईल पिशवीत, रांगेत उभ्या असतात त्या बहुतेक आया. शास्त्राने निम्मा वाटा तुमच्या नावावर केव्हाच जमा केला आहे. पुढच्या तारखेला रजा टाका, आणि ती फाईल तुम्ही धरा.