विश्लेषण : कंपनी सोडली की क्रमवारीतूनही बाद?
मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील (एमएमए) फ्रान्सिस एन्गानू जानेवारी २०२३ मध्ये यूएफसीतून बाहेर पडला, तेव्हा तो हेवीवेट विजेता होता. तरीही क्रमवारीतून त्याचे नाव गेले. २०१३ मध्ये पत्रकारांच्या मतांवर सुरू झालेल्या या यादीत फक्त यूएफसीच्याच खेळाडूंना जागा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एन्गानूने पीएफएलमध्ये रेनान फरेराला पहिल्याच फेरीत हरवले. या यादीत त्याची दखल नाही.

मग तुलना कशी करायची? आधार एकच : कंपनी बदलणारे खेळाडू. बेलाटरचा माजी विजेता एडी अल्वारेझ २०१६ मध्ये यूएफसीचाही विजेता झाला. एवढ्याने दोन्ही कंपन्या समान ठरत नाहीत. पण ‘बाहेरचे ते दुय्यम’ हा समज मोडतो. क्रमवारी स्वतंत्रच हवी. गुण कोणाला हरवले यावर मिळावेत, करार कोणाशी यावर नव्हे.