विद्यापीठे कोणाचे ऐकतात?

अलीकडे महाविद्यालयांतून एक नवी चाल पडली आहे. वर्ष सरत आले म्हणजे विद्यार्थ्यांपुढे प्रश्नांची यादी येते, कधी कागदावर, कधी मोबाइलवर. अभ्यासक्रम किती पुरा झाला, शिक्षक तयारी करून येतात काय, शिकविलेले समजते काय, असे प्रश्न असतात आणि उत्तरादाखल खुणा करावयाच्या असतात. यास अभिप्राय म्हणतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे जिला सगळे 'नॅक' म्हणून ओळखतात तिने, 2017 साली आपल्या तपासणीची रीत बदलली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या समाधानाची अशी पाहणी तीत घातली. प्रश्न एकंदर 21. त्यांपैकी 20 ठरीव उत्तरांचे, आणि शेवटी एक मोकळा, ज्यात विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सुचवावयाचे. याखेरीज जी संस्था अभिप्राय घेते, त्याची छाननी करते, त्यावर काही कृती करते आणि ते सारे चारचौघांस वाचता येईल असे प्रसिद्ध करते, तिला गुण अधिक. नुसते कागद जमवून गठ्ठा बांधणारीला कमी, आणि काहीच न करणारीला भोपळा.

ही चाल वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. गुणांच्या लोभाने का होईना, शिकणाऱ्यास त्याचे मत विचारले जाते ही गोष्ट आमच्या आज्यापणज्यांच्या ध्यानीमनी नव्हती. परंतु शेतकऱ्याच्या व कारागिराच्या पोराचे विद्यापीठाशी घोडे अडते ते वर्गात क्वचित. ते अडते अर्जाच्या खिडकीशी. परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्रातील चुकलेले नाव, निकालावर 'गैरहजर' असा शिक्का, न आलेली गुणपत्रिका, अडकून पडलेला दाखला, परत न मिळालेली फी, ही त्याची दुखणी. ठरीव वीस प्रश्न बहुतेक शिकविण्याचे आहेत. खिडकीचे दुखणे सांगावयास त्यास काय तो तो शेवटचा मोकळा प्रश्न.

विद्यापीठांनी आज विचारावे आणि मग आम्ही सांगावे, असेही घडलेले नाही. आमच्या बाजूचा माणूस न विचारता सांगून चुकला आहे. मुंबईचे विद्यापीठ 1857 साली निघाले. पुढे 1882 साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन मांडले. प्राथमिक शिक्षणाविषयी ते काय म्हणाले हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याच निवेदनात विद्यापीठासंबंधीही एक मागणी होती, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. प्रवेशपरीक्षेस खासगी रीतीने बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. तीच मुभा बी. ए., एम. ए. सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे घरी अभ्यास करून पुष्कळ तरुण पुढे येतील, असे जोतीरावांनी सांगितले. ज्याला दिवसा काम करून पोट भरावयाचे आहे, त्याला कॉलेजच्या बाकावर चार वर्षे बसणे परवडत नाही, हे ज्याने पाहिले होते त्यालाच असले सुचावयाचे. मध्यंतरी बहिःस्थ परीक्षांची सोय ठिकठिकाणी झाली. आणि घरी राहून, कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकास उभे राहिले ते 1989 साली. मागणी 1882 ची. मधली वर्षे वाचकांनी मोजावीत.

आता न ऐकल्याने काय होते त्याचा दाखला पाहू. तोही मुंबईचाच आहे. 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना टाकाऊ नव्हती. उत्तरपत्रिकेची प्रतिमा काढून ती परीक्षकाकडे धाडली म्हणजे गठ्ठे गावोगाव हिंडत नाहीत, बेरीज चुकत नाही, कोणाचा पेपर कोणाकडे गेला हे परीक्षकासही कळत नाही. चूक कल्पनेत नव्हती, घाईत होती. एखाद्या लहानशा परीक्षेवर अनुभव घेऊन मग पुढे जावे, तसे न करता एकाच हंगामात 477 परीक्षा आणि सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका त्या नव्या यंत्रावर घातल्या. शिक्षकांस सराव पुरता नव्हता. प्रतिमा काढण्याचे काम रेंगाळले. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, आणि पेपर लिहून आलेल्यांना गैरहजर दाखविल्याच्या तक्रारी आल्या. कुलपती या नात्याने राज्यपालांनी 31 जुलै ही मुदत घालून दिली, तीही टळली. सप्टेंबर उजाडला तरी निकाल लागतच होते. शेवटी 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या विद्यापीठाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

यातील गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, महाराष्ट्राचा सार्वजनिक विद्यापीठ कायदा त्याच वर्षी 1 मार्चला अमलात आला होता. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काही झाले तरी 45 दिवसांच्या आत तो लावावाच, असे त्या कायद्यात लिहिले आहे. कायद्याची शाई वाळली नव्हती तोच हे घडले.

दोन-तीन महिने निकाल लांबला तर काय बिघडले, असे म्हणणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. बिघडते ते असे. ज्याच्या बापाची नोकरी शाबूत आहे त्याचा मुलगा घरी बसून वाट पाहू शकतो. परंतु ज्याच्या आईबापांनी ऊसतोडीची उचल घेऊन त्याच्या खोलीचे भाडे भरले, त्याला दर महिन्याला ते भाडे पुन्हा भरावे लागते. दुसऱ्या विद्यापीठातील प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिका जोडावयाची असते आणि ती नसली की अर्ज बाद. मुलगी असली तर गोष्ट आणखी वेगळी. एक वर्ष रिकामे गेले की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि एकदा मांडव पडला की पदवी मागे पडते. विद्यापीठाच्या दफ्तरी ही नोंद 'निकालास विलंब' एवढीच होते.

तक्रारींनी काहीच साधत नाही असेही नाही. निराशेचा पाढा वाचणे आम्हांस मंजूर नाही. पूर्वी उत्तरपत्रिका ही विद्यापीठाच्या कोठीतील वस्तू होती. परीक्षक म्हणेल ते गुण, आणि फार तर पुन्हा बेरीज. एका विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहावयास मागितली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. एका पोराच्या हट्टाने देशभरच्या परीक्षार्थींना हे दार उघडे झाले. तसेच प्रवेश रद्द केला तर फी बुडाली आणि मूळ दाखले अडकले, हा जाच आमच्या कित्येक घरांनी सोसला. 2018 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की मूळ कागद संस्थांनी अडकवून ठेवू नयेत. आणि प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस वा त्याहून आधी प्रवेश सोडला तर फी पुरी परत द्यावी, कापून घ्यावयाचे ते 5 टक्क्यांपर्यंत आणि तेही 5000 रुपयांहून जास्त नव्हे. ही सुधारणा कोणाच्या उदारपणाने झाली असे आम्हांस वाटत नाही. तक्रारींचा ढीग वाढला म्हणून झाली.

सर्वांत उपयोगाची गोष्ट 2023 सालची, आणि तीच आमच्या खेड्यांत सर्वांत कमी ठाऊक आहे. त्या वर्षी अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी नवे नियम काढले. प्रत्येक विद्यापीठात व महाविद्यालयात तक्रार निवारण समिती असावी. तीत निदान एक बाई असावी, आणि निदान एक सभासद अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्गांपैकी असावा. समितीने तक्रार आल्यापासून कामाच्या 15 दिवसांत आपला अहवाल द्यावा. तो पटला नाही तर विद्यार्थ्याने 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करावे, आणि लोकपालाने 30 दिवसांत त्याचा निकाल लावावा. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही समितीत आहे, पण निमंत्रित म्हणून. ज्याचे दुखणे त्याने पाहुण्यासारखे बसावयाचे, हे आम्हांस रुचलेले नाही. तरी पण नियम आहे, आणि तो धरून भांडता येते.

भांडावयाचे कसे, हे सांगणे आमचे काम आहे. आमची मुले खिडकीवर तोंडी विचारतात. "साहेब जागेवर नाहीत, सोमवारी या," असे तिकडून उत्तर मिळते आणि मूल मुकाट्याने एस. टी. धरून परत येते. तोंडी विचारणे हवेत विरते. अर्ज मराठीत असला तरी चालेल, पण लिहून द्यावा. त्यात परीक्षेचे नाव, बैठक क्रमांक, काय चुकले आणि काय करून पाहिजे, एवढेच असावे; वडिलांच्या गरिबीचे वर्णन नको. दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घ्यावी. खिडकीवरचा माणूस पोच देत नसेल तर तोच अर्ज टपालाने पोचपावतीसह धाडावा. 15 दिवस उलटले तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये भरून विचारावे की माझ्या अमुक तारखेच्या अर्जाचे काय झाले आणि तो आज कोणाच्या टेबलावर आहे. त्यास 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरास ती फीही माफ आहे. एवढे केले म्हणजे पुष्कळदा कागद आपोआप हलू लागतो, असा आमच्या ओळखीच्या घरांचा अनुभव आहे. आमच्या हाताखालून गेलेल्या एका कुंभाराच्या मुलीच्या गुणपत्रिकेत आईचे नाव चुकले होते. चार हेलपाटे घालूनही ते दुरुस्त झाले नव्हते. आवक क्रमांक असलेल्या एका अर्जाने ते झाले. चार हेलपाट्यांत बापाची मजुरी बुडाली, तिचा हिशेब कोणी केला नाही.

आता विद्यापीठांकडे आमचे मागणे. महाराष्ट्रातील विद्यापीठांना आज आमच्याच माणसांची नावे आहेत. पुण्याच्या विद्यापीठास 2014 साली सावित्रीबाई फुल्यांचे, जळगावच्यास 2018 साली बहिणाबाई चौधरींचे, सोलापूरच्यास 2019 साली अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले; अमरावतीस संत गाडगेबाबांचे आहे. माळ्याची, शेतकऱ्याची, धनगराची, परटाची ही माणसे. त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या याचा आम्हांस आनंद आहे. पाटीखालून आत जाणाऱ्यास त्याच मानाने वागवावे, एवढेच आता उरले. त्यासाठी इमारती बांधावयास नकोत. तालुक्याच्या महाविद्यालयात विद्यापीठाच्या नावाने अर्ज घेण्याची व पोच देण्याची सोय करावी, म्हणजे दोनशे-दोनशे किलोमीटरांचा फेरा वाचेल. उत्तर मराठीत द्यावे आणि त्याखाली उत्तर देणाऱ्याचे नाव असावे. 'सक्षम प्राधिकारी' हा कोण गृहस्थ आहे ते आमच्या लोकांस आजवर कळलेले नाही. आणि दर महिन्यास किती तक्रारी आल्या, कशाविषयी आल्या, किती मिटल्या व किती पडून आहेत, याचा तक्ता प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावावा. ज्या विषयाची तक्रार शंभरांनी दिली त्याला शंभर उत्तरे देण्यापेक्षा मूळ कारकुनी चाल बदलणे स्वस्त पडते, हे तक्ता समोर आला म्हणजे साहेबांसही दिसेल.

आणि एक मागणे आमच्याच घरांकडे. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून 10 सभासद निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. परंतु मत देता येते ते ज्याने मतदार म्हणून नाव नोंदविले त्यालाच. आमच्या घरांत आता पदवीधर झाले आहेत. पदवीची तसबीर भिंतीवर लागते, पण नोंदणीचा अर्ज कोणी भरीत नाही, आणि मग अधिसभेत आमचे बोलणारे कमी का, म्हणून आम्हीच कुरकुरतो. विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद नव्या कायद्यात आली होती. 2019 साली त्यांचा कार्यक्रम ठरून तो पुढे ढकलला गेला. तेव्हा जी वाट मोकळी आहे ती तरी आपण सोडू नये.

ज्या वाचकांच्या मुलामुलींनी विद्यापीठास वा महाविद्यालयास लेखी अर्ज दिला असेल आणि कामाच्या 15 दिवसांत त्यास उत्तर आले नसेल, त्यांनी अर्जाची व पोचेची नक्कल आमच्या कचेरीकडे धाडावी. विद्यार्थ्याचे व गावाचे नाव आम्ही छापणार नाही. विद्यापीठाचे नाव, अर्जाचा विषय आणि त्याची तारीख एवढे दर आठवड्यास याच पानावर देऊ, आणि उत्तर आले की तेही त्याच जागी छापू.