मस्टरबाहेरची माणसे

२७ जुलै २०२५ रोजी टाटांच्या टीसीएसने वर्षभरात सुमारे दोन टक्के माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. ६ लाख १३ हजारांच्या कंपनीत दोन टक्के म्हणजे बारा हजारांहून जास्त, आणि त्यातही मधल्या-वरच्या जागांवरचे, घराचे हप्ते अर्ध्यावर आलेले लोक. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी खुलासा केला, की हे एआयमुळे नव्हे, कौशल्ये जुळत नाहीत म्हणून. हा खुलासा कुणी मनावर घेतला नाही. कोथरूडच्या सोसायट्यांत, बावधनच्या पार्किंगमध्ये, पिरंगुटच्या चौकात चहाच्या टपरीवर लोकांचा निकाल कधीच लागला होता : एआयने माणसे खाल्ली.

हा निकाल बरोबर की चूक, यावर आमच्या कार्यालयात बरीच वादावादी झाली. ती इथे देत नाही. आम्हाला जास्त कुतूहल होते ते लोकांच्या बोलण्याचे. मुलाला नुकताच कॉम्प्युटरला प्रवेश घेऊन दिलेले बाप घाबरले होते. चाळिशीतले इंजिनिअर विनोद करत होते, पण रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन दिसत होते. आणि एक तिसरा सूर होता, जो छापायला संकोच वाटतो : बरे झाले. इतकी वर्षे लाखांची पॅकेजे घेत होते, आमच्या जमिनींचे भाव यांनीच चढवले, आता कळेल. हा सूर आम्ही उरवड्यात ऐकला, भुकूममध्ये ऐकला, आणि ज्यांची मुले स्वतः हिंजवडीत कामाला आहेत त्यांच्याही तोंडून ऐकला.

त्या सुराला नुसती नावे ठेवून भागणार नाही. तो कुठून येतो हे बघायला या मुळशी तालुक्याचा थोडा मागचा हिशेब काढावा लागेल.

पुण्याबाहेर अनेकांच्या लक्षात नसते, की हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातली. आयटी पार्क आणि आमचे उरवडे यांची तहसील कचेरी एकच, पौडची. उरवड्यातून पिरंगुट, तिथून घोटवडे फाट्याने घोटवडे, पुढे माण, की लागल्याच काचेच्या इमारती. आणि टाटांचे नाव या तालुक्याला काही हिंजवडीमुळे कळलेले नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातले मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाच्या बांधकामावर जाऊन बसले, ते टाटांच्याच कंपनीविरुद्ध. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना ‘सेनापती’ लोक म्हणू लागले ते याच लढ्यापासून. लढा तीन-साडेतीन वर्षे चालला आणि मोडला. पन्नासेक गावे आणि आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला मिळू लागली.

गोष्टीचा पुढचा धागा फार कमी जणांना ठाऊक असतो. टाटांच्या वीज कंपन्यांत १९५१ साली फकीरचंद कोहली नावाचे तरुण इंजिनिअर रुजू झाले. कुठल्या केंद्रातून किती वीज कुठे वळवायची, याच्या आकडेमोडीला संगणक लावणाऱ्या देशातल्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. १९६८ मध्ये टीसीएस स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी कोहलींना तिथे धाडण्यात आले. ती कंपनी त्यांनी उभी केली. म्हणजे मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या कंपनीतला माणूस संगणकाकडे गेला, त्याने देशातला सॉफ्टवेअरचा धंदा वाढवला, आणि तीस-चाळीस वर्षांनी तो धंदा फिरून त्याच मुळशी तालुक्यात, माणच्या माळावर येऊन बसला. कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर आम्ही ते ओढूनताणून जमवलेले म्हणून परत पाठवले असते.

मुळशीच्या लढ्यात धरणाइतकीच जाचक ठरलेली एक गोष्ट होती. जमीन कसणारे मावळे पुष्कळदा कूळ होते, कर्जात होते, आणि जमिनीचे कागद सावकाराच्या पेटीत होते. हे सावकार बहुतेक पुण्यातले. भरपाईची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना लढ्यापेक्षा रकमेत रस होता. जमीन एकाची गेली, पैसे दुसऱ्याला मिळाले. भरपाई ज्याच्या नावाचा कागद त्याला मिळते, हे मुळशी तेव्हापासून जाणून आहे. हिंजवडीसाठी आणि पुढे बंगल्यांच्या प्लॉटिंगसाठी जमिनी गेल्या तेव्हा ज्यांचा सातबारा होता त्यांच्याकडे निदान एकदा पैसा आला. त्याचे पुढे काय झाले ते प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये राज्यभर दाखवले. ज्यांचा सातबाराच नव्हता, त्यांच्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही.

म्हणून बारा हजारांचा आकडा आला तेव्हा आम्ही त्याच्या कडेला बघत राहिलो. तो आकडा गळ्यात कार्ड असलेल्यांचा आहे. त्यांच्या मागे जी माणसे आहेत ती कुठल्याच यादीत नाहीत. माण-मारुंजीतल्या पीजीत कॉटवर राहणाऱ्या पोरांना डबे देणाऱ्या बायका, रात्रपाळीच्या कॅबचे ड्रायव्हर, गेटवरचे सिक्युरिटीवाले, ऑफिसची फरशी पुसणाऱ्या. घोटवडे फाट्यावर सकाळी सहाला ठेकेदाराच्या टेम्पोची वाट बघत उभे असलेले हे लोक कंपनीचे नाव सांगतात, पण कंपनीच्या मस्टरवर त्यांचे नाव नसते. एका मजल्यावरच्या शंभर खुर्च्या रिकाम्या झाल्या की मजला बंद होतो, आणि ठेकेदार फोनवर एवढेच सांगतो, ‘उद्यापासून नको येऊ.’ त्या फोनवर कुठल्या वाहिनीवर चर्चा झाली नाही. शंभर खुर्च्यांवर झाली, आणि व्हायलाही हवी होती.

आता उरवड्याविषयी, आणि इथे आम्हाला थोडे थांबावे लागेल.

७ जून २०२१. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात दुपारी आग लागली. कोरोनाचे दिवस, निर्जंतुकीकरणाच्या मालाला मागणी होती. पॅकिंगचे प्लास्टिक धडाधडा पेटले. गावकऱ्यांनी जेसीबी आणून भिंत फोडली. १७ कामगार गेले, त्यांतल्या बहुतेक बायका. देह ओळखण्यापलीकडे गेले होते, डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी समिती नेमली गेली, गुन्हे दाखल झाले. आठ-दहा दिवस राज्यभर उरवडे हे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. नंतर ते पुन्हा लवासाच्या रस्त्यावरचे एक गाव झाले.

एआयच्या लेखात हे कशाला, असे कुणी विचारील. आमच्या मते याहून जवळचे उदाहरण नाही. त्या पॅकिंगच्या खोलीत बायकांच्या हातांऐवजी यंत्र असते तर फार बरे झाले असते. यंत्राला विरोध म्हणून हे संपादकीय कुणी वाचू नये. प्रश्न असा आहे की त्या खोलीत यंत्र का आले नाही? पाकिटात वस्तू भरून तोंड बंद करणारे यंत्र काही आज शोधून काढलेले नाही, कित्येक दशके बाजारात मिळते. ते आले नाही कारण मुळशीतल्या बाईची रोजची हजेरी यंत्राच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते. यंत्र धोका बघून येत नाही, पगार बघून येते. म्हणून एआय आधी पौड रोडच्या टू-बीएचकेवाल्याच्या खुर्चीकडे गेला, उरवड्याच्या शेडकडे नाही. ज्या कामातून माणूस सुटावा असे वाटते ते काम माणसाकडेच राहते. ज्यात माणसाने डोके लावले, नाव कमावले, ते आधी जाते.

हे समजले की ‘बरे झाले’ म्हणणाऱ्या सुराचाही उलगडा होतो. तो मत्सर कमी, जुनी थकबाकी जास्त. तुमच्यावर आले तेव्हा तुम्हाला आवाज फुटला, आमच्यावर रोजच येत होते. पण हा सूर धरून बसलेल्याचेही पोट भरत नाही. खुर्ची गेली तर डबाही जातो.

तेव्हा करायचे काय? दर वादात कुणीतरी बँकांचे उदाहरण काढतोच : ऐंशीच्या दशकात युनियनवाल्यांनी संगणकाला विरोध केला, शेवटी काय झाले? संगणक आला, आणि त्याच कारकुनांची मुले अमेरिकेला गेली. विरोध खुळा ठरला. हे अर्धेच सांगितले जाते. १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना एका टेबलाशी बसल्या आणि यंत्रे कुठे, किती, कोणत्या कामासाठी याचा लेखी करार झाला. संगणक आला तो त्या करारातून, टप्प्याटप्प्याने. २०००-०१ मध्ये लाखाहून अधिक बँक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले तेही हातात रक्कम घेऊन. त्या स्वेच्छेत इच्छा किती होती हा वेगळा विषय, पण रिकाम्या हाताने कुणी गेले नाही. कारकुनाचा मुलगा अमेरिकेला जाऊ शकला, कारण कारकुनाची नोकरी मधल्या काळात टिकली.

त्याही आधी, १९२८. मुळशीची वीज सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर मुंबईच्या गिरणी मालकांनी दोन साच्यांवरच्या विणकराला तीन साचे देण्याचा घाट घातला. माल तेवढाच, माणसे कमी. दीड लाखाच्या घरात कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. नेमल्या गेलेल्या फॉसेट समितीने पुढे मालकांचे म्हणणे तत्त्वतः बरेचसे मान्यच केले. संप जिंकला असे म्हणता येत नाही. पण कुठल्या खात्यात किती माणसे, कुणाला किती मजुरी, हे मालकांना समितीपुढे कागदावर मांडावे लागले. आणि त्या लढ्यातूनही एक वर्ग निसटलाच. वाइंडिंग-रीलिंगला बसणाऱ्या बायका तेव्हा गिरण्यांत पाचात एक होत्या. पुढच्या काही दशकांत त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या, आणि त्यांच्यासाठी कुणी सहा महिने संप केला नाही.

आजच्या इंजिनिअरकडे ते टेबलही नाही. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की एकट्या पुण्यात अडीच हजारांच्या आसपास लोकांकडून राजीनामे लिहून घेतले गेले. कंपनीने हा आकडा साफ नाकारला. आकड्याचा निकाल आम्ही लावू शकत नाही. मात्र राजीनामाच का, हे तेव्हाच्या कायद्यात स्पष्ट दिसते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपात म्हटली की नोटीस यायची, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार यायचा, सरकारला कळवणे यायचे. राजीनाम्याला यातले काहीच लागत नसे. त्यातून इंजिनिअर या कायद्याखाली ‘कामगार’ ठरतो की नाही, यावर कोर्टात वर्षे जात. आणि खरे तर इतकी वर्षे इंजिनिअरलाच स्वतःला कामगार म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. हातात नारळ पडल्यावर त्याला कळले, की आपल्यात आणि टेम्पोतून येणाऱ्या बाईत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर नाही.

जगात हे टेबल मिळवलेले लोक आहेत. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि एआयचे लिखाण कसे, कुठपर्यंत वापरायचे हे करारात लिहून घेतले. ते यंत्र बंद करा म्हणाले नाहीत, आधी विचारा म्हणाले. हिंजवडीत अशी मागणी उठली तर तिच्यात सिक्युरिटीवाला आणि डबेवाली यांचे कलम असावे, एवढीच आमची सूचना आहे. त्यांचे नाव मस्टरवर नसेल तर आधी ते मस्टरवर आणा, मग एआयचे बोला.

आता थोडे घरचे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकांच्या या धंद्यानेही कमी माणसे घालवलेली नाहीत. खिळे जुळवणारे कंपोझिटर डीटीपी आल्यावर गेले. बोटांना शाई लागलेल्या त्या माणसांनी लेखकांच्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या, आणि ते गेले तेव्हा एकाही दिवाळी अंकाने त्यांच्यावर संपादकीय लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. यंदा आमच्याकडे आलेल्या कथांपैकी काही यंत्राच्या होत्या, हे वाचताना कळत होते. व्याकरण चोख, आणि कथेतल्या कुणालाच कुणाचे देणे नाही. त्या परत गेल्या. मुखपृष्ठ फुकटात करून देतो म्हणून दोघातिघांचे फोन आले. ते आम्ही चित्रकाराकडूनच करून घेतले, मुद्रितशोधनही माणसाने केले. अंकात डबे करणाऱ्या, कॅब चालवणाऱ्या आणि शेडमध्ये पॅकिंग करणाऱ्या मुळशीकरांची मनोगते आहेत. बोलायला ते तयार होते, नावे छापू नका म्हणाले, म्हणून छापलेली नाहीत.

पान उलटलेत की एक पूर्ण पानाची रंगीत जाहिरात दिसेल : तीन महिन्यांत एआय शिका, नोकरीची खात्री. खात्री त्यांची आहे, आमची नाही. जाहिरात घेतली, कारण मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे आणि मुद्रितशोधकाचे मानधन तिच्याच पैशातून, दिवाळीच्या आधी, दिले आहे.