मांजरावर कुत्र्याचे गोचिडीचे औषध घालू नका!

घरात मांजर पाळणाऱ्या, सोसायटीच्या आवारात मांजरांना जेवू घालणाऱ्या आणि प्राण्यांची औषधे विकणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. मांजराच्या मानेवर गोचीड दिसली की अनेक घरांत पहिला हात जातो तो कुत्र्यासाठी आणलेल्या ट्यूबकडे, नाहीतर गोठ्यातल्या बाटलीकडे. तो हात तिथेच थांबवा. एखाददुसरी गोचीड धडधाकट मांजराचा जीव सहसा घेत नाही. त्या ट्यूबमधले औषध मात्र काही तासांत घेऊ शकते.

असे का होते, ते समजून घ्या. कुत्र्यांच्या मानेवर थेंब-थेंब सोडायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते, आणि तेही ४५ ते ६५ टक्के इतके तीव्र. कुत्र्याचे यकृत ते पचवून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार दुबळी असते, त्यामुळे विष शरीरात साचते आणि थेट मज्जासंस्थेवर चढते. असे जेमतेम एक मिलिलिटर औषधही चार किलोच्या मांजराच्या जिवावर बेतू शकते. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते. अंगावर लावलेले बरेचसे त्याच्या पोटात जाते. म्हणून गुरांच्या अंगावर फवारायचे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझही मांजराजवळ आणू नका. ‘थोडेसेच लावले’, ‘पाण्यात पातळ केले’ या भरवशावर राहू नका.

घरगुती उपायही तितकेच घातक आहेत. रॉकेलाने कातडी भाजते, आणि चाटताना ते फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. कापूर, टी ट्री तेल, फिनाईल, डेटॉल ही सारी मांजराला विषारी आहेत. पेटती काडी किंवा उदबत्ती टेकवणे, तेल किंवा व्हॅसलिन थापणे यांनी गोचीड बिथरते आणि तिच्या पोटातली घाण मांजराच्या जखमेत ओकण्याचा धोका वाढतो. जो रोग टाळायचा, तोच आपण आत ढकलतो.

गोचीड अशी काढा

लागणारे सामान घरात असतेच: निमुळत्या टोकाचा चिमटा किंवा भुवयांचा प्लकर, हातमोजे, झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट, आणि एक जुना टॉवेल. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवा.

मांजर खाऊन-पिऊन सुस्तावलेले असताना बसा. एकाने त्याला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून धरावे, दुसऱ्याने काम करावे. मांजराची जीभ जिथे पोचत नाही तिथे आधी शोधा: कानाच्या आत व मागे, हनुवटीखाली, मानेवर, पापण्यांच्या कडेला. मग बोटांच्या बेचक्यातही पाहा. हाताला गाठ लागली की लगेच ओढू नका. आधी केस बाजूला करून उजेडात नीट पाहा. कातडीलगत बारीक पाय दिसले तर ती गोचीड. पोटावर दोन ओळींत सारख्या अंतराने असलेले बारीक उंचवटे ही स्तनाग्रे असतात. ती बोक्यालाही असतात. गोचीड समजून ती ओढली तर मांजराला नाहक जखम होते.

गोचिडीची खात्री पटली की चिमटा तिच्या फुगलेल्या पोटावर लावू नका. कातडीला अगदी टेकवून, तोंडाजवळ पकडा. मग हिसका न देता, न पिळता, एकसारख्या ताणाने सरळ वर ओढा. काही सेकंद ती सुटणार नाही, कातडी तंबूसारखी वर येईल. घाई करू नका, ती सुटते. लगेच स्पिरिटच्या बाटलीत टाकून झाकण लावा. जखम साध्या कोमट पाण्याने व सौम्य साबणाने पुसा आणि हात साबणाने धुवा.

तोंडाचा काळा ठिपका आत राहिलाच, तर सुईने उकरू नका. बहुतेक वेळा कातडीच तो बाहेर टाकते. दोन-चार दिवस तिथे लहानशी गाठ राहिली तर काळजी नको. सूज वाढली, पू धरला, किंवा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मांजर खाईनासे झाले, मलूल पडले, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसल्या, तर डॉक्टरांकडे न्या. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. त्यानेही मांजर मरते. लहान पिलाच्या अंगावर खूप गोचिडी असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण गोचिडींनी शोषलेले रक्त भरून काढण्याइतकी ताकद पिलात नसते.

काढलेली गोचीड नखाने किंवा चपलेखाली चिरडू नका. २०११ मध्ये गुजरातमध्ये आढळलेला काँगो ताप गोचीड चावल्याने जसा होतो, तसाच ती उघड्या हाताने चिरडल्यानेही होऊ शकतो. दोडामार्ग आणि सत्तरीच्या लोकांनी गोचिडीमुळेच होणारा माकडताप भोगला आहे. गोचीड माणसाचे काय करू शकते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. हे रोग तुमच्या मांजरामुळे येतात असे मुळीच नाही. पण उघड्या हाताने गोचीड न हाताळण्याची सवय प्रत्येक घरात हवी.

चुकून औषध लागलेच तर

कान फडफडणे, कातडी थरथरणे, लाळ गळणे, झोकांड्या, झटके ही विषबाधेची लक्षणे आहेत. अमिट्राझ असेल तर मांजर उलट्या करते, गुंगीत जाते आणि गार पडते. लक्षणांची वाट पाहत बसू नका. भांडी घासायच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने अंग लगेच धुवा. पाणी कढत नको, थंडगारही नको. कोरडे करून उबेत गुंडाळा. झटके चालू असतील तर आंघोळीत वेळ दवडू नका, थेट दवाखाना गाठा. तोंडात दूध, तूप, मीठ काही घालू नका, उलटी काढू नका. औषधाचे वेष्टन सोबत घ्या. पर्मेथ्रिनवर थेट उतारा नाही, पण वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरे वाचतात. ग्रामीण भागात पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर मदत मागा.

पुन्हा होऊ नये म्हणून

पोट भरलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत हजारो अंडी घालते. म्हणून मांजराची झोपायची जागा झाडा, अंथरूण कढत पाण्यात धुवा, भेगा बुजवा. प्रतिबंधक औषध वापरायचे तर डॉक्टरांना विचारून, मांजराचे वय व वजन सांगून, वेष्टनावर ‘मांजरासाठी’ असे छापलेलेच घ्या. घरात कुत्राही असेल तर त्याला औषध लावल्यावर डॉक्टर सांगतील तितका वेळ मांजराला वेगळे ठेवा. दोघे एकमेकांना बिलगून झोपतात, तिथूनही विष लागते.

औषधविक्रेत्यांनो, गोचिडीचे औषध देताना एक प्रश्न विचाराच: ‘घरात मांजर आहे का?’ पशुवैद्यांनो, कुत्र्याच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहा. आणि वाचकहो, आत्ता उठा, कपाटातली ती ट्यूब काढा आणि तिच्यावर ठळक शाईत लिहा: ‘मांजराला लावू नये’. शेजारी मांजर असेल तर त्यांनाही आजच सांगा.