पडद्यावरचा अर्धा गुन्हा

महेश मांजरेकरांचा २०१० चा 'लालबाग परळ' विट्यात मागावरची पोरं मोबाईलवर बघतात अन् म्हणतात, 'लई मारामारी, लई शिव्या.' अरे, १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. चुली विझल्या. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. शिवीचा विटाळ होतो, विझल्या चुलीचा नाही? गिरणीकामगाराच्या पोराला, नरूला, गुंड कुणी केला, एवढं हा सिनेमा छातीठोक सांगतो.

पण गुन्ह्याची सुरवात ८२ ची नव्हं. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून आमच्या बापजाद्यांना विणाई खात्यात बंदी होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल खडा केला. तो गुन्हा कुठल्या पडद्यावर हाय? शिट्ट्या पुरे. जाब विचारा!