गाडीचं कॅरिअर

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार, पहाटेचे साडेपाच. आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी घामाघूम होऊन गाडीच्या डिकीला सायकल बांधत होतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरायला खाली उतरले. काका टेल्कोतून रिटायर्ड. दोन मिनिटं शांतपणे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, पंक्चर झाली का?"

"नाही काका, मुळशीला चाललोय. सायकल चालवायला."

"मग ती गाडीवर कशाला?"

आता याला काय उत्तर देणार? काका उमेदीची सगळी वर्षं कंपनीत सायकलने गेले. तेव्हा कॅरिअर सायकलला असायचं आणि त्यावर जेवणाचा डबा. आता कॅरिअर गाडीला असतं आणि त्यावर सायकल. तसं हेही नवीन नाहीच म्हणा. एसटीच्या टपावर शिडीने चढून सायकली बांधलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवत असेल. फरक एवढाच, की ते बांधणाऱ्याच्या हाताला सुंभाच्या गाठीची सवय होती आणि आमच्या हाताला कीबोर्डची.

ही सवय नसणं किती महागात पडू शकतं ते त्याच दिवशी कळलं. चांदणी चौक, भूगाव मागे टाकून पिरंगुटकडे चाललो होतो. मागून एक बाईकवाला सारखा हॉर्न देत होता. मी मनात त्याला दोन-चार शिव्या घातल्या (पुणेरी ड्रायव्हिंगचे संस्कार, दुसरं काय). शेवटी तो बरोबरीला आला आणि मागे बोट दाखवलं. गाडी बाजूला घेतली. वरचा पट्टा सुटला होता आणि सायकल एका बाजूने खालच्या पट्ट्यावर लोंबकळत होती. बाईकच्या मागच्या सीटवर त्याची सात-आठ वर्षांची मुलगी होती.

पुढची दहा मिनिटं मी नुसताच रस्त्याकडेला बसून होतो.

ते कॅरिअर मी कसं निवडलं होतं? जालावर बसून, किंमत आणि चांदण्या बघून. डिकीला बसतं का, काचेला ओरखडे पडतात का, घडी घालून ठेवता येतं का... सगळे प्रश्न माझ्या सोयीचे. माझ्या मागून येणाऱ्या माणसाचा विचार त्या सगळ्या यादीत कुठेच नव्हता. दिवसभर ऑफिसात "एक गोष्ट बंद पडली तर अख्खी सिस्टिम पडता कामा नये" म्हणून डोकं खाणारा मी, आणि पंधरा किलोचं लोखंड एका पट्ट्याच्या भरवशावर सोडून मोकळा.

तर मंडळी, माझं मत असं, की कॅरिअर निवडायला मागून सुरुवात करावी.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर स्वस्त आणि सुटसुटीत. पण छोट्या गाड्यांना मागे प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो, आणि हूक अडकवायला पत्र्याची पक्की कड लागते. सायकल नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकते. नंबर प्लेट स्पष्ट दिसलीच पाहिजे हा नियम आहे, आणि ब्रेकचा दिवा दिसला नाही तर मागच्याला कळणार कसं? सायलेन्सरच्या तोंडाशी टायर आला तर तोही भाजून निघतो. हेच घ्यायचं असेल तर एकच सायकल, कॅरिअरशी संबंध नसलेला एक जादा दोर, आणि दर अर्ध्या तासाने उतरून हाताने ओढून बघणं.

मागे हूक बसवून त्यावर लावायचं कॅरिअर परदेशात फार चालतं. सायकल कमरेएवढीच उचलावी लागते, पकड भक्कम. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीकडून असा हूक येतच नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात वेल्डिंग करून घेऊ, असं मनात आणू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. म्हणजे गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलचं कलम. शिवाय त्या वेल्डिंगवर किती वजन पेलेल हे कोण सांगणार?

राहिलं टपावरचं. दिवे, नंबर प्लेट, डिकी सगळं मोकळं. पण टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघा, त्यात कॅरिअरचं वजनही धरा. सायकल डोक्यावर उचलावी लागते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ५० चे १०० केलेत की चौपट. आणि उंची! दीड मीटरची गाडी, वर मीटरभराची सायकल. आमच्या पार्किंगच्या तुळईखालून ते जाणं शक्य नाही. एका रविवारी दमून परत येताना टपावर सायकल आहे हे मी नक्की विसरणार, याची मला (आणि बायकोला) पूर्ण खात्री आहे.

मग मी काय केलं? कॅरिअर विकलंच नाही, कारण ते दुसऱ्या कुणाला द्यायची हिंमत झाली नाही. सायकलची दोन्ही चाकं काढली, मागची सीट आडवी केली, जुनी चादर अंथरली आणि सायकल आत. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. दोघंच जायचं असेल तर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. चौघांना चार सायकली घेऊन जायचं असेल तर मात्र खर्च करा, माहीतगाराकडून बसवून घ्या, आणि निघण्याआधी सायकल धरून अशी हलवा की गाडी हलली पाहिजे, सायकल नाही.

राहता राहिला काकांचा प्रश्न. औंधपर्यंतच्या ट्रॅफिकची भीती वाटते, हे खरं उत्तर आहे. त्यांना ते सांगितलं. म्हणाले, "सहाला कुठला आलाय ट्रॅफिक? पाचला निघ."

या रविवारी निघतोय. घरापासून, सायकलवर. बघू पाषाणपर्यंत तरी जमतंय का.